न फिरणारा वाळा

माझा राग नाकावर असतो हे घरच्यांना माहीत आहे, कॉलेजातल्यांना माहीत आहे, आणि दूधवाल्यालाही माहीत आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. रागावते तशी मी लगेच विसरतेही, असं मी सगळ्यांना ऐकवायचे. ज्याच्यावर रागावले तोही विसरतो की नाही, हे विचारायचं मात्र कधी डोक्यात आलं नाही.

भंडाऱ्याला मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दसरा झाला की जेवढ्या सुट्ट्या जुळवता येतील तेवढ्या जुळवून आसगावजवळच्या एका तलावावर जाते. तिथे पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, बेशरमच्या झुडपांच्या कडेला, आमचं पाखरं धरण्याचं ठाणं असतं. ठाणं म्हणजे ताडपत्री, एक लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, एक पत्र्याची पेटी आणि नऊ जाळी. वनखात्याचं परवानगीपत्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. उत्तरेकडून हिवाळ्याला येणारी लहान पाखरं, म्हणजे गप्पीदास, धोबी, वटवटे, या जाळ्यांत अडकतात. त्यांचं वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबर कोरलेला ॲल्युमिनियमचा इवलासा वाळा घालायचा आणि सोडून द्यायचं. पुढे कधी कुठे ते पुन्हा सापडलं तर नंबरावरून कळतं की हे पाखरू कुठून कुठे जाऊन आलं.

हा सगळा व्याप आमच्या सरांनी मांडलेला. वाळा घालायला मला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना एक गोष्ट शंभरदा घोकून घेतली. वाळा पकडीने मिटवला की तो पायाभोवती फिरला पाहिजे आणि वरखाली सरकला पाहिजे. पकड जरा जास्त दाबली गेली, तर वाळ्याचं एक टोक दुसऱ्यावर चढतं. मग वाळा आवळतो आणि त्याची कड पायात रुतते. म्हणून प्रत्येक पाखराचा वाळा बोटाने फिरवून बघायचा आणि मगच रजिस्टरात शेवटच्या रकान्यात 'ठीक' लिहायचं.

जाळ्यांचं काम काकांकडे. काका ढीवर, त्यांच्या घरात सगळे याच तलावात मासे धरत आलेले. आमची जाळी केसासारख्या बारीक धाग्याची, चार हातांवरूनही न दिसणारी. त्यात अडकलेलं पाखरू सोडवणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. काका ते बोलत बोलत सोडवायचे. पहिल्या वर्षी सर त्यांना शिकवायला गेले तर काकाच म्हणाले होते, "ज्या बाजूनं शिरलं, त्याच बाजूनं काढा लागते, सर. मासोळीचं बी तसंच हाये." सरांनी शिकवणं तिथेच आवरतं घेतलं.

मी सांगते आहे ती सकाळ गेल्या वर्षीच्या मोसमातली. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ठाणं माझ्यावर आलं होतं. पाळीपलीकडच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता आणि विळ्यांचा खसखस आवाज ठाण्यापर्यंत येत होता. काका दुसरी फेरी करून आले. अलीकडे त्यांची एक ठरलेली रीत झाली होती. पाखरांच्या कापडी पिशव्या ताडपत्रीखालच्या खिळ्यांना टांगायच्या, किती ते सांगायचं आणि परत जाळ्यांकडे जायचं. टेबलाशी ते थांबत नसत. ही त्यांची शिस्त आहे असं मी समजत होते.

त्या दिवशी ते थांबले. एकच पिशवी होती, ती त्यांनी खिळ्याला टांगली नाही, हातातच धरली.

"वाळेवाला आहे जी, मॅडम. आपलाच."

मला हर्षच झाला. आपण वाळा घातलेलं पाखरू उन्हाळाभर कुठे हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे राहून, पुन्हा आपल्याच झुडपात यावं, यासाठी तर हा सगळा खटाटोप. आमच्या ठाण्यावर तसं तोवर झालं नव्हतं. सरांना फोन करून काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा मनात तयार झाली. मी पिशवीत हात घातला आणि पाखरू अलगद बाहेर काढलं. नर गप्पीदास होता. मी भिंग घेतलं आणि नंबर वाचायला पाय सरळ केला.

पाय सुजलेला होता. वाळ्याच्या खाली आणि वर कातडी फुगली होती, तिच्यावर खरखरीत खपली धरली होती आणि वाळा त्या खपलीत बसला होता. मी नखाने हलवून पाहिला. तो हलला नाही. भिंगातून नीट पाहिलं तेव्हा दिसलं, एक टोक दुसऱ्यावर चढलेलं होतं.

मी नंबर वाचला, पेटीतून आधीच्या मोसमाचं रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागले. पाखरू डाव्या हातात, मान दोन बोटांच्या मधे, आणि त्याचं काळीज माझ्या तळहाताला धडधडताना लागत होतं. नंबर सापडला. ओळ माझ्या अक्षरात होती. सापडल्याची वेळ, वजन, पंख, सगळं नीटनेटकं, आणि शेवटच्या रकान्यात 'ठीक'.

तारीख पाहिली आणि तो दिवस आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा तोंडावर येऊन आदळला.

त्या दिवशी मी माझ्या अकरावीच्या मुलींना ठाणं दाखवायला घेऊन आले होते. मुली टेबलाभोवती दाटीवाटीने उभ्या, प्रत्येकीच्या हातात मोबाइल, आणि मी मधोमध. पाखरंही त्या दिवशी खूप. मी भराभर हात चालवत होते. भराभर चालवण्यात थोडा दिखावाही होता, ते आता कबूल करायला हरकत नाही. सोडण्याचं काम तेव्हा काकांकडे असायचं. मी वाळा घालून पाखरू त्यांच्या हाती द्यायची, ते पाळीच्या बाजूला जाऊन उडवून द्यायचे. एक गप्पीदास मी त्यांच्या हाती दिला, आणि ते दोन पावलं जाऊन परत आले.

"मॅडम, हा वाळा फिरून नाही राहिला जी."

सगळ्या मुलींसमोर. एक मुलगी हसली. ती मला हसली की काकांना, ते मला आजही माहीत नाही. पण माझं डोकं फिरलं. एरवी मी काकांशी इथल्यासारखीच बोलते, राग आला की मात्र माझी मराठी एकदम पुस्तकी होते. मी म्हणाले, "काका, आपलं काम जाळ्याचं आहे. वाळ्याचं मी पाहीन. सोडा त्याला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पाखराकडे पाहिलं, आणि जाऊन त्याला सोडलं. मी पुढचं पाखरू पिशवीतून काढलं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलेही होते. मी लगेच विसरते, सांगितलंच आहे.

आणि आता तेच पाखरू, तोच वाळा, माझ्या मुठीत होता. काका समोर उभे होते. ते एक वाक्य बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी गप्पीदासाला पुन्हा पिशवीत ठेवलं, पिशवी सावलीत टांगली आणि फोन घेऊन पाळीवर चढले, कारण खाली रेंज मिळत नाही. सरांनी ऐकून घेतलं. कुणी वाळा घातला होता, ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. ते म्हणाले, "वाळा राहू दिला तर पाय हळूहळू जाईल. काढताना हिसका बसला तर पाय आत्ता मोडेल. एवढ्या लहान पाखराचा पाय गेला की पाखरू गेलं. मी इथे पट्टी बांधून पडलो आहे, मला काही दिसत नाही. तुम्हालाच ठरवायचं आहे."

मग त्यांनी रीत सांगितली. वाळ्याच्या आतून दोन बारीक फास ओवायचे, जोडाच्या दोन बाजूंना एकेक. दोन्ही फास एकाच वेळी, सारख्या जोराने, एकमेकांच्या उलट ओढायचे. वाळा उघडतो. जोर सारखा पडला तर पायाला काही कळत नाही. जोर कमीजास्त झाला की तो सगळा पायावर येतो.

मी खाली आले तेव्हा काका नव्हते. मग दिसलं की ते जाळी बंद करत होते. मी सांगायच्या आधीच. जाळी उघडी असती तर अर्ध्या तासाने पुन्हा फेरी मारावी लागली असती, नाहीतर अडकलेली पाखरं उन्हात तडफडली असती. एका पाखराला वाचवताना आम्ही आणखी चार मारली असती. नववं जाळं गुंडाळून काका आले आणि त्यांनी सांगितलं की जाळ्यात काही नाही, होते ते दोन वटवटे त्यांनी तिथेच सोडून दिले.

मी त्यांना सरांचं बोलणं सांगितलं. "तार पाहिजे, काका. पातळ तार. ती कुठून आणू आता?"

"तारीनं कातडं कापल," ते म्हणाले. "तंगूस घेऊ."

त्यांच्या सायकलच्या पिशवीत मासोळीचं जाळं दुरुस्त करायचा नायलॉनचा दोरा असतोच. तो तंगूस. त्यांनी दोन-तीन प्रकारचे काढले, बोटांत घोळून पाहिले आणि सगळ्यात बारीक निवडला.

आता प्रश्न होता ओढायचं कुणी. एकाने पाखरू आणि पाय धरायचा, दुसऱ्याने फास ओवून ओढायचे. वाळा काढण्याचं काम नियमाने माझं. मी हात पुढे केले आणि पाहिलं तर ते थरथरत होते. लाज वाटली, पण लाज धरून बसायला वेळ नव्हता. "काका, तुम्ही ओढाल?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग तलावाच्या काठाशी जाऊन हात धुतले, शर्टाला पुसले आणि टेबलाशी येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते वर्षभरानंतर पहिल्यांदा बसत होते. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

मी पाखराला उताणं धरलं. डोक्यावर रुमालाचं टोक टाकलं, म्हणजे अंधारात ते शांत राहतं. दोन बोटांत पाय धरला, वाळ्याच्या वर आणि खाली, जेणेकरून ताण आला तर माझ्या बोटांवर यावा. काकांनी बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेतला आणि खपलीवर ठेवला. तो मुरू दिला. मग दुसरा थेंब. खपली मऊ झाली तेव्हा त्यांनी तंगूसाचं टोक वाळ्याच्या आत सारलं. ते गेलं. एक फास झाला.

दुसरा जाईना. त्या बाजूला कातडी जास्त सुजलेली होती. टोक आत जायचं आणि वाकून परत यायचं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी पाखरू अंग आखडायचं. मग त्याने चोच उघडली आणि ती उघडीच ठेवली. हे चांगलं लक्षण नव्हे. पाखराला सहन होईनासं झालं की ते असं करतं, आणि मग थोड्याच वेळात सगळं संपतं. हातातल्या हातात पाखरू जाताना मी एकदा पाहिलं आहे.

"काका, सोडून देऊ," मी म्हणाले. "वाळ्यासकट जाऊ द्या. निदान जिवंत तरी जाईल."

"थांबा जी."

"ते मरून राहिलंय, काका."

"थांबा," ते पुन्हा म्हणाले, आणि मान वर न करता. मी थांबले. कुणी मला थांब म्हटलं आणि मी थांबले, असं फार क्वचित घडलेलं आहे.

त्यांनी दोऱ्याचं टोक दातांत धरून चपटं केलं, बोटांवर सरळ केलं आणि यावेळी खालून नव्हे, वरून सारलं. टोक दुसऱ्या बाजूला बाहेर आलं. त्यांनी ते नखांच्या चिमटीत पकडलं आणि फास घातला. दोन्ही फास दोन्ही तर्जन्यांना गुंडाळले. कोपर टेबलावर टेकवले. मग ओढायला लागले, आणि ते ओढत आहेत हे मला फक्त त्यांच्या मनगटाच्या शिरांवरून कळत होतं. माझ्या बोटांना काहीही लागत नव्हतं. पाय जसाच्या तसा होता.

टक् असा बारीक आवाज झाला. मला वाटलं, पाय मोडला. माझे डोळे मिटले गेले, खरंच मिटले गेले, आणि उघडले तेव्हा वाळ्याचं वर चढलेलं टोक खाली उतरलेलं होतं. काकांनी आणखी थोडं ओढलं. फट पडली. त्यांनी फास सैल केले आणि वाळा नखाने बाजूला काढून टेबलावर ठेवला.

पायावर गोल खाच पडली होती आणि तिच्यातून एक रक्ताचा थेंब आला. मी कापूस टेकवला. आता एकच बघायचं राहिलं होतं. पाखराला सरळ केलं आणि त्या पायाखाली माझी करंगळी दिली. पाय शाबूत असेल तर बोटं करंगळीला धरतात. नसेल तर नुसती पडून राहतात.

ती पडून राहिली. मग मागचं बोट हललं, वळलं, आणि पुढची बोटं त्याच्याजवळ आली. पकड ढिली होती, पण पकड होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

नवा वाळा दुसऱ्या पायात घालायला हवा होता. नाहीतर या पाखराची नोंद इथेच संपणार, पुढल्या वर्षी ते आलं तरी ओळखू येणार नाही. मी नव्या वाळ्यांच्या डबीकडे पाहिलं आणि तिचं झाकण लावून टाकलं. काकांच्या हाती पाखरू दिलं. "तुम्ही सोडा."

त्यांनी पाळीच्या बाजूला जाऊन मूठ उघडली. गप्पीदास तळहातावर क्षणभर बसला, एका बाजूला कललेला, आणि उडाला. बेशरमच्या तिसऱ्या झुडपावर जाऊन बसला. बराच वेळ नुसताच बसला. मग शेपटी हलवली आणि दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा त्याचा तो आवाज काढला. गप्पीदास हे नाव त्याला त्या आवाजावरूनच पडलं असावं.

मी रजिस्टर पुढे ओढलं. आमच्याकडे खोडरबर चालत नाही. चूक असेल तर एक रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. मी आधीच्या मोसमाच्या पानावरच्या 'ठीक'वर रेघ मारली. 'वाळा आवळलेला. घालणारीची चूक. काढला.' असं लिहिलं आणि सही केली. काका परत येऊन त्याच खुर्चीत बसले होते.

"काका, तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं."

"हो जी."

"मी ऐकलं नाही. वरून नाही नाही ते बोलले. चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. टेबलावरचा वाळा उचलला, बोटांत फिरवला, पुन्हा ठेवला. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला हलकंही वाटायला लागलं होतं. चूक कबूल केली, पाखरू वाचलं, माफी मागून झाली.

"थो एकटा नव्हता, मॅडम," काका म्हणाले.

मला कळलं नाही.

"त्या दिवशी आनखी दोन होते. तुमी मले बोलले, त्याच्या बादचे. एक धोबी होता, अन् एक असाच, गप्पीदास. माझ्या हातात वाळे फिरवून पायले मीनं. फिरले नाही. मीनं सोडून देले."

"सांगितलं का नाही?"

"काहून सांगतलो असतो?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मलेबी राग आला होता." मग म्हणाले, "त्याच्या बाद मीनं सोडाचं काम नाही केलं. पाखरू हातात आलं का थे दोनच आठवतेत."

तेव्हा मला कळलं की काका टेबलाशी का थांबत नसत. पलीकडे विळ्यांचा आवाज थांबला होता, बाया न्याहारीला बसल्या असाव्यात. मी रजिस्टर पुन्हा उघडलं आणि त्याच पानावर त्या गप्पीदासाच्या खालच्या ओळी बघायला लागले. धोबी चार होते. गप्पीदास आणखी पाच. त्यातले कुठले दोन, ते काकांना सांगता येईना, आणि मला तर माहीतच नव्हतं.

काका उठले आणि जाळी उघडायला गेले. मोसम संपायला अजून अकरा दिवस होते आणि ते दोघं आले तर याच झुडपांत येणार होते. मी पेन हातात धरून त्या नऊ ओळींकडे बघत राहिले. रेघ मारायची तर कुठे मारायची, ते कळत नव्हतं. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत माझ्याच अक्षरात भरलेला होता, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, ठीक.